पाठकोऱ्या कागदांची वही

(बारामती आणि इंदापूर तालुक्यांत घेतलेल्या वही-बांधणीच्या वर्गांवरील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



ऑनलाइन ऐकणाऱ्यांना टेबल नीट दिसत नसेल, म्हणून आधी त्यावर काय मांडलंय ते सांगतो. एक दाभण आहे. गोधडीला वापरतात तो जाड सुती दोरा आहे. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा आहे, वाटीत मैद्याची खळ आहे. आणि एका सातवीच्या मुलीच्या सहा वह्या आहेत, मागच्या वर्षीच्या. वर्ष संपलं, पण यातली एकही वही संपलेली नाही.

ही वही भूगोलाची. दोनशेपानी. मुलीनं एकशेबारा पानं लिहिली आणि परीक्षा आली. उरलेली अठ्ठ्याऐंशी पानं कोरी. ही वही आता रद्दीत जाणार, किलोच्या भावानं. आणि जूनमध्ये तिच्यासाठी नवी वही येणार. तुमच्या-आमच्या घरात हेच चालतं, नाही का?

आज आम्हाला बोलायचंय ते एवढ्याचबद्दल. या उरलेल्या पानांची चांगली वही कशी करायची. ‘चांगली’ या शब्दावर आमचा जोर आहे, आणि तो का आहे हे सांगताना आमची एक चूकही सांगावी लागेल.

आपल्या भाषेतला एक शब्द

मराठीत ‘पाठकोरा’ असा एक सुंदर शब्द आहे. एका बाजूनं लिहिलेला आणि पाठीनं कोरा असलेला कागद. ज्या अर्थी अशा कागदाला आपल्याकडे वेगळं नाव आहे, त्या अर्थी तो जपून ठेवायची सवयही होती. आमच्या आधीच्या पिढीत बहुतेक घरांत मे महिन्यात एक दुपार या कामाची असायची. जुन्या वह्यांतली कोरी पानं काढायची, एकावर एक लावायची, दाभणानं भोकं पाडून शिवायची. ती ‘कच्ची वही’. गणितं सोडवायला, शुद्धलेखनाला, पाढ्यांना. ही काही कोणी शिकवलेली पर्यावरणाची गोष्ट नव्हती. कागद महाग होता, म्हणून.

आता कोणी म्हणेल, वही आता स्वस्त आहे. बरोबर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरचा जीएसटीसुद्धा बारा टक्क्यांवरून शून्यावर आलाय. तासभर बसून वही शिवायची, त्यापेक्षा दुकानातून आणली तर काय बिघडलं? आम्ही याला खोटं उत्तर देणार नाही. निव्वळ पैशांचा हिशेब मांडला तर तुमचा तासभराचा वेळ वहीपेक्षा महाग आहे. म्हणून आमचा मुद्दा पैसे वाचवायचा नाही. तो दुसराच आहे.

दिवाळीनंतर येणारी मुलं

बारामती आणि इंदापूर हे उसाचे तालुके. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, सगळीकडे कारखाने. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो आणि बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. उसाच्या फडाजवळ, कारखान्याच्या आवारात कोप्या उभ्या राहतात. आई-बाप पहाटे तोडीला. मुलं कोपीवर, किंवा जवळच्या शाळेत.

या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. गावच्या शाळेचं कार्ड दाखवलं की इथल्या शाळेत बसता येतं. पाठ्यपुस्तकंही कशीबशी मिळतात. पण वही? वह्यांचं वाटप आपल्याकडे जूनमध्ये होतं. शाळा उघडली, कुणाचा वाढदिवस आला, मंडळानं कार्यक्रम घेतला, की वह्या वाटतात. नोव्हेंबरात कोणी वह्या वाटत नाही. मुलगा ऐन मधल्या वर्षात येतो आणि रिकाम्या हातानं बसतो. फळ्यावरचं उतरवून घ्यायला त्याच्याकडे काही नसतं. मग बाईंना वाटतं, हा लिहीतच नाही.

तर आम्ही विचार केला, इथल्या मुलांच्या वह्यांत एवढी कोरी पानं शिल्लक आहेत, आणि तिथं मुलाकडे एक वही नाही. जोडून टाकू. पहिल्या वर्षी आम्ही घरोघरची पानं गोळा केली, स्टेपलर मारला, वर कॅलेंडरचा कागद चिकटवला आणि त्या वह्या या मुलांना नेऊन दिल्या. आम्ही खूश.

आठवड्यानं बघायला गेलो. एका मुलाची वही खिडकीत पडली होती. विचारलं, ही तुझी ना रे? तो म्हणाला, “ही मपली नाही.” मपली म्हणजे माझी, त्यांच्याकडची बोली. वही त्याचीच होती. पण त्यानं ती नाकारली. का, ते उचलून बघितल्यावर कळलं. एक पान दुरेघी, पुढचं चौकटीचं, त्याच्या पुढचं पिवळं पडलेलं. एका पानाच्या वर दुसऱ्याच मुलीचं नाव. पिना सुटलेल्या. शेजारच्या बाकावर दुकानातली चकचकीत वही, आणि याच्याकडे ही. वर्गात सगळ्यांना ठाऊक, की ही रद्दीची वही कोणाला मिळते.

मंडळी, चूक मुलाची नव्हती. आम्ही आमची रद्दी त्याला दिली होती आणि तिला मदत म्हणत होतो.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. एक, वही अशी शिवायची की ती दुकानातल्या वहीच्या शेजारी ठेवली तर लाज वाटणार नाही. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची, वही कोणालाही ‘द्यायची’ नाही. सगळ्या वर्गानं शिवायची. गावातल्या मुलांनी, कोपीवरच्या मुलांनी, आणि बाईंनीसुद्धा. पानांचा ढीग एकच. ज्यानं त्यानं आपली वही आपण शिवायची आणि वापरायची. वर्गात सगळ्यांकडेच तशी वही असली, की ती गरिबाची वही राहत नाही. पुढचं सगळं तंत्र या दोन गोष्टींसाठी आहे.

आधी शिवण, मग लगदा

‘कागदाचा पुनर्वापर’ म्हटलं की लोकांना लगदा आठवतो. शाळांच्या प्रदर्शनात हमखास असतं. रद्दी भिजवली, मिक्सरमधून काढली, जाळीवर पसरली, वाळवली, झाला कागद. आम्हाला ते आवडतं. पण कोऱ्या पानाचा लगदा करणं म्हणजे चांगला सदरा फाडून पायपुसणं करणं. आधी सदरा वापरा की.

याला कारण आहे. कागद म्हणजे झाडाचे किंवा कापसाचे बारीक तंतू एकमेकांत गुंतून बसलेले. दर वेळी लगदा केला की ते तंतू तुटतात, आखूड होतात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर त्यांचा कागदच धरत नाही. शिवाय लगद्याला पाणी लागतं, वाळवायला उष्णता लागते. भिगवणला रोहित पक्षी बघायला जाता ना, त्याच बाजूला भादलवाडीला कागदाची मोठी गिरणी आहे. पुस्तकांचा, मासिकांचा गुळगुळीत कागद तिथं होतो. अशा गिरणीत ओला थर रोलरांमध्ये दाबून, मग वाफेनं तापवलेल्या सिलिंडरांवरून नेऊन वाळवतात. कागद करण्यात सगळ्यात जास्त ऊर्जा खाणारं काम म्हणजे हे वाळवणं. म्हणजे कोरं पान तयार होण्यात जे खर्च व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं आहे. ते पान तसंच वापरलं तर पुन्हा खर्च शून्य.

आणि घरी केलेल्या लगद्याच्या कागदावर लिहून बघा. शाई फुटते. अक्षराला मिशा येतात. कारण गिरणीतल्या कागदाला शाई शोषू नये म्हणून खळीसारखं काहीतरी लावलेलं असतं. जुने कारागीरही हे करायचे. आपल्या पुणे जिल्ह्यात जुन्नरला कागद होत असे. पुण्यात कसबा पेठेत कागदीपुरा आहे, त्याचं नाव कागद करणाऱ्यांवरूनच पडलं. मराठवाड्यात दौलताबादजवळ कागजीपुरा आहे. जुन्या काळी हातकागदाला झाड तोडत नसत. चिंध्या, जुने दोर, गोणपाट, रद्दी कुटून लगदा करत. पण पुढे त्या कागदाला खळ लावून, वाळवून, गुळगुळीत दगडानं घोटत, तेव्हा कुठं बोरूनं लिहिता येई. म्हणजे टाकाऊपासून कागद ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मात्र त्यामागे पक्कं कसब होतं. ती दोन तासांची गंमत नव्हती.

१९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू केला, वर्ध्याला त्याचं काम जे. सी. कुमारप्पांनी बघितलं, तेव्हा हातकागद हा त्यातला एक महत्त्वाचा उद्योग होता. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे. आणि गांधीजी स्वतः काय करायचे? आलेल्या पत्रांच्या पाठीवर, उलगडलेल्या पाकिटांच्या आतल्या बाजूवर लिहायचे. हातकागदाला उत्तेजन देणारा माणूस आधी पाठकोरा कागद संपवत होता. हा क्रम लक्षात ठेवा.

म्हणून आमचा नियम असा. कोरी पानं वहीत. पाठकोरे कागद कच्च्या कामाच्या वहीत. दोन्हीकडून लिहिलेला कागद कव्हरच्या पुठ्ठ्यात किंवा लगद्यात. आणि त्यातूनही उरलं ते रद्दीवाल्याकडे. तोही शेवटी ते गिरणीकडेच पोचवतो.

पानं निवडताना

निवड हे निम्मं काम आहे. गोळा केलेल्या पानांचे ढीग लावायचे. एकरेघी वेगळं, दुरेघी वेगळं, चाररेघी वेगळं, चौकटी वेगळं, बिनरेघी वेगळं. आकारानुसार पुन्हा वेगळं. एका वहीत एकच आखणी. आमच्या पहिल्या वर्षाच्या वह्या इथंच फसल्या होत्या.

एका वर्गातून किती पानं निघतील? समजा तीस मुलं, प्रत्येकाच्या सहा वह्या आणि प्रत्येक वहीत वीस कोरे कागद. तीन हजार सहाशे कागद झाले. अठ्ठेचाळीस कागदांची, म्हणजे शहाण्णव पानांची एक वही धरली, तर पंच्याहत्तर वह्या. तीस मुलांच्या वर्गातून!

आणखी एक ठेवा घरात आहे. २०२३ च्या जूनपासून दोन वर्षं शासनानं दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घातली होती. दप्तराचं ओझं कमी व्हावं, वेगळ्या वह्या लागू नयेत, असा हेतू. मुलं वह्या आणतच राहिली आणि २०२५-२६ पासून ती पानं बंद केली. त्या दोन वर्षांच्या पुस्तकांत बरीच कोरी पानं अजून तशीच आहेत. पण सबूर. पुस्तक दुसऱ्या मुलाच्या उपयोगाचं असेल तर त्याला हात लावायचा नाही. फाटलेलं, सुटलेलं असेल तरच त्यातली पानं काढा.

काय घ्यायचं नाही तेही सांगतो. दुकानातली गुळगुळीत पावती, जी उन्हात काळी पडते, ती नको. तिच्यावर रसायनाचा थर असतो. प्लास्टिक चढवलेला कागद नको. आणि कार्यालयांतून पाठकोरे कागद आणत असाल तर प्रत्येक कागद उलटून वाचा. आधारची झेरॉक्स, बँकेचा फॉर्म, सातबाऱ्याचा अर्ज, मुलांची गुणपत्रकं, कोणाचा फोन नंबर, यातलं काहीही वहीत जाता कामा नये. ते फाडून लगद्याच्या बादलीत.

वहीत पान जोडलेलं कसं असतं

आता एक अडचण. तुम्ही स्वतः करून बघितलं असेल तर ती आलीच असेल. मध्ये पिना मारलेली वही घ्या आणि पिना काढा. काय दिसतं? प्रत्येक कागद मध्ये दुमडलेला आहे. म्हणजे पहिलं पान आणि शेवटचं पान हा एकच कागद. पहिलं पान लिहिलेलं, शेवटचं कोरं. कोरं पान ओढून फाडलं तर तो एकेरी कागद होतो, आणि एकेरी कागदाला घडी नाही. घडी नाही तर मध्ये शिवता येत नाही.

मग लोक काय करतात, सगळे एकेरी कागद ठोकून बसवतात आणि कडेनं आरपार शिवतात. चालतं. पण वही सपाट उघडत नाही. एका हातानं दाबून धरावी लागते आणि कडेची दीड-दोन सेंटिमीटर जागा वाया जाते. कोपीवर मुलगा मांडीवर वही ठेवून लिहितो. त्याला दोन्ही हात मोकळे नसतील तर वहीचा उपयोग काय?

यावर बांधणीकारांची जुनी युक्ती आहे. लिहिलेलं पान पूर्ण फाडायचं नाही. घडीपासून दोन सेंटिमीटर पट्टी ठेवून बाकीचं पट्टी लावून कापायचं. म्हणजे एका बाजूला पूर्ण कोरं पान, मध्ये घडी, दुसऱ्या बाजूला अरुंद पट्टी. आता हा कागद घडीवर शिवता येतो. वही सपाट उघडते. पट्टी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी आलटून पालटून लावायची. पुठ्ठ्याजवळ थोडी जाडी येते, म्हणून एका घडीत आठ ते बारा कागदच घ्यायचे. जास्त घेतले की वही पोट काढते.

शिवण

दहा कागद एकात एक बसवले. ही झाली एक घडी. आता ती उघडून मधल्या रेषेवर तीन खुणा करा. एक बरोबर मध्ये, दोन वर-खाली कडेपासून तीन-तीन सेंटिमीटरवर. जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवून दाभणानं भोकं पाडा. दाभण घडीच्या रेषेवरच पडलं पाहिजे. लहान वर्गांत हे काम मोठ्यांनी करायचं.

दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट घ्या आणि मेणबत्तीवरून एकदा ओढा. मेण लागलं की दोरा कागद कापत नाही आणि गाठ सरकत नाही. आता लक्ष द्या. सुई आतून मधल्या भोकात घाला आणि बाहेर काढा. आत वीतभर दोरा शिल्लक ठेवा. बाहेरून वरच्या भोकात आत. आतून, मधलं भोक ओलांडून, थेट खालच्या भोकातून बाहेर. बाहेरून परत मधल्या भोकात आत. आता दोऱ्याची दोन टोकं आत आहेत आणि त्यांच्यामधून लांब उभा दोरा गेलेला आहे. त्या उभ्या दोऱ्याच्या एका बाजूला एक टोक, दुसऱ्या बाजूला दुसरं. घट्ट ओढा आणि त्याच्यावर गाठ मारा. झालं. ओढताना वहीच्या दिशेनं, उभं ओढायचं. आडवं ओढलं तर भोक फाटतं.

दहा कागदांची एक घडी म्हणजे पातळ वही. जाड हवी असेल तर अशा चार-पाच घड्या शिवा, एकत्र ठोकून पाठी जुळवा, वजनाखाली ठेवा आणि पाठीवर खळ लावून जुन्या सुती धोतराची किंवा चादरीची पट्टी चिकटवा. ती पट्टी दोन्ही बाजूंना तीन सेंटिमीटर बाहेर ठेवा. तिच्यावरच पुठ्ठा बसतो.

खळ कशी करायची? एक वाटी मैदा, पाच-सहा वाट्या पाणी. थंड पाण्यात आधी गुठळ्या मोडा, मग मंद आचेवर ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन पारदर्शक झाली की उतरवा. चिमूटभर तुरटीची पूड घाला. बाइंडर लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे. मुलांच्या हातात खळ जाणार असेल तर मोरचूद अजिबात नको. त्याऐवजी दर वेळी लागेल तेवढीच ताजी करा.

कव्हर

आपल्या दोन्ही तालुक्यांत पुठ्ठ्याची कमतरता नाही. लग्नसराई झाली की साडीची खोकी आणि लग्नपत्रिका ढिगानं मिळतात. फक्त पुठ्ठा कापण्याआधी दोन्ही दिशांनी वाकवून बघा. एका दिशेनं तो सहज वाकतो, दुसऱ्या दिशेनं अडतो. गिरणीत कागद यंत्रातून एकाच दिशेनं धावतो, बरेचसे तंतू त्याच दिशेला लोळतात, म्हणून असं होतं. सहज वाकण्याची रेषा वहीच्या पाठीला समांतर ठेवा. उलटं केलंत तर खळ वाळताना पुठ्ठा पापडासारखा वळतो. आमचे पहिले काही तसेच वळले होते.

पुठ्ठा जोडून झाला की वही रात्रभर विटांखाली ठेवा. मध्ये जुन्या वर्तमानपत्राचे कागद घाला, म्हणजे ओल शोषली जाईल. घाई केली तर पानं लाटांसारखी होतात. शेवटी तिन्ही कडा सरळ कापून घ्या. घरी लोखंडी पट्टी आणि कटर. पण जवळ छापखाना असेल तर गठ्ठा घेऊन जा. त्यांच्या यंत्रावर एका फटक्यात कडा साफ होते. वही ‘घरची’ वाटते की ‘नवी’ वाटते, हे सगळ्यात जास्त या कडेवर ठरतं.

फडावर दव असतं, पाणी असतं. तिथल्या वहीला कागदी कव्हर टिकत नाही. यावर मुलांनीच उपाय काढला. वाढदिवसाचे जुने फ्लेक्स. छापील बाजू आत, पांढरी बाजू बाहेर, आणि कडा शिवून घ्यायच्या, कारण फ्लेक्सला खळ धरत नाही. एका मुलीनं उघडून दाखवलं, आत शुभेच्छुकांची अख्खी रांग हात जोडून उभी! मात्र फ्लेक्सचे उरलेले तुकडे जाळायचे नाहीत. तो धूर घातक असतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*आपल्याकडे एवढा ऊस आहे. चिपाडापासून कागद का नाही करायचा?*

होतो की. तमिळनाडूत करूरजवळ सरकारी कागद गिरणी आहे, तिचा मुख्य कच्चा माल उसाचं चिपाडच. पण आपल्याकडचे कारखाने चिपाड बॉयलरमध्ये जाळतात. त्यावर वाफ, वाफेवर साखर, आणि जास्तीची वीजही. म्हणजे ते फुकट पडलेलं नाही. घरी करायचं म्हटलं तर चिपाड सोड्यात शिजवावं लागतं, ते मुलांचं काम नाही. कोरी पानं मात्र घरातच आहेत.

*शिक्षक अशी वही चालवून घेतात का?*

एका शाळेत आधी नको म्हणाले. तपासणीला सगळ्या वह्या एकसारख्या हव्यात, असं कारण होतं. बरोबरच आहे, पन्नास वह्या तपासणाऱ्याला आकार वेगवेगळे असले की त्रास होतो. म्हणून आता आम्ही एका वर्गाला एकच आकार ठेवतो आणि सुरुवात सरावाच्या वहीनं करतो. चांगली वही समोर ठेवली की वाद फारसा राहत नाही.

*ती मुलं मार्चमध्ये परत जातात. मग वहीचं काय?*

सोबत जाते. तीच तर गोष्ट आहे. गावी गेल्यावर तिथल्या शिक्षकांना चार महिन्यांत काय झालं ते कळायला दुसरं काही नसतं. कार्डावर फक्त हजेरी दिसते. वहीत अभ्यास दिसतो. म्हणून आम्ही पहिल्या पानावर दोन्ही शाळांची नावं लिहायला सांगतो.

*ज्या मुलानं वही नाकारली होती, त्याचं पुढे काय झालं?*

पुढच्या हंगामात त्याची टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली. आमची भेट झाली नाही. म्हणून त्याच्याबद्दल काही गोड सांगता येणार नाही. पण त्या वर्षी सगळ्या वर्गानं वह्या शिवल्या, आणि शेवटी एक ढीग झाला. कोणती कोणाची ते बाहेरून कळेना. मुलं ढिगातून आपापली ओळखत होती, आपल्या गाठीवरून. तेव्हा मागच्या बाजूनं दोन-तीन वेळा ऐकू आलं, “बाई, ही मपली.”

जूनला अजून वेळ आहे. आज घरी गेल्यावर दप्तर उघडा, वह्या काढा आणि कोरी पानं मोजा. एवढंच सांगून थांबतो.